मेकअपचे ब्रश नवे असोत की जुने, वापरण्याआधी या चुका टाळा

तुळशीचं लग्न लागलं की नागपुरात मुहूर्तांची घाई सुरू होते. मेकअप शिकणाऱ्या मुलींची ब्रशखरेदीही तेव्हाच. मागच्या मोसमात माझ्या मावसबहिणीने पार्लर बंद करणाऱ्या एका बाईंकडून चौदा ब्रश घेतले आणि ते घेऊन थेट आमच्या महाल भागातल्या घरी आली. मी बेसिनपाशी वाटी-साबण काढला तर म्हणते, "ताई, सगळ्यांवर स्पिरिट मारून आणलं ना मी, आता पुन्हा काय करून राहिली तू?"

मी त्यातला पावडरचा मोठा ब्रश घेतला, केसांची टोकं भिजवली, तळहातावर भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब घेऊन त्यावर ब्रश गोल फिरवला. पहिला फेस चहाच्या रंगाचा निघाला. दुसरा विटकरी, त्यात कुणाच्या तरी लग्नातली बारीक चमकी. सहाव्या खेपेला फेस पांढरा झाला. एवढं सगळं त्या स्पिरिट मारलेल्या ब्रशात होतं.

न धुता स्पिरिट मारणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. धुणं आणि निर्जंतुक करणं ही दोन वेगळी कामं आहेत. केसांवर फाउंडेशनचं तेल, चेहऱ्याचा तेलकटपणा आणि मेलेली त्वचा यांचा थर बसलेला असतो. स्पिरिट म्हणजे अल्कोहोल, ते त्या थराच्या वरवर लागून उडून जातं आणि खालचे जंतू तसेच राहतात. म्हणून आधी साबण, मग स्वच्छ पाणी, मग ब्रश पूर्ण वाळू द्यायचा आणि शेवटी अल्कोहोल. वाळवणं मधे मुद्दाम आहे. ओल्या ब्रशावर मारलेलं अल्कोहोल त्यातल्या पाण्याने पातळ होतं आणि त्याचा जोर कमी होतो.

अल्कोहोल म्हणजे ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल. गांधीबागेतल्या औषधांच्या बाजारात किंवा चांगल्या मेडिकलमध्ये मिळतं. "९९ टक्केवालं जास्त चांगलं असेल" असं वाटतं, पण ते फार लवकर उडतं. जंतूंमधली प्रथिनं मोडायला अल्कोहोलसोबत थोडं पाणीही लागतं. घरात ९९ टक्क्यांचंच असेल तर ७० मिली अल्कोहोलमध्ये ३० मिली डिस्टिल्ड वॉटर घाला. केस आतपर्यंत ओलसर होतील इतकं फवारा आणि आपोआप वाळू द्या, लगेच पुसून टाकू नका. हे काम गॅस, देवघरातली समई आणि उदबत्तीपासून लांब करा, अल्कोहोल चटकन पेट घेतं.

हाताला लावायचं जेल सॅनिटायझर यासाठी वापरू नका. त्यातल्या जेल आणि ग्लिसरीनमुळे केस चिकट होतात. डेटॉलच्या पाण्यात ब्रश रात्रभर बुडवून ठेवणारेही भेटतात. त्याचा वास केसांत राहतो, आणि नीट न निघालेलं औषध डोळ्याजवळच्या नाजूक कातडीला लागलं तर जळजळ होते. उकळतं पाणी, ब्लीच, मायक्रोवेव्ह यांनी ब्रश खराब होतो, एवढं सांगून पुढे जाते.

ब्रश मगात उभा करून भिजवणं

केस आणि दांडा यांना जोडणारी जी धातूची नळी असते, तिच्या आत केस गोंदाने चिकटवलेले असतात. पाणी तिथे शिरलं की गोंद सुटतो, लाकडी दांडा फुगतो, वाळताना आक्रसतो आणि नळी हलायला लागते. सुरुवातीच्या वर्षांत मी सगळे ब्रश रात्रभर साबणाच्या पाण्यात ठेवायची. सदर भागातल्या एका हॉलमध्ये नवरीच्या गालावर ब्लश लावताना ब्रशचं डोकं निघून तिच्या शालूवर पडलं. गुलाबी डाग जरीच्या काठाला लागला. नवरीच्या आईचा तेव्हाचा चेहरा आठवला की आजही माझा हात आपोआप ब्रश खाली वळवतो.

धुताना टोक कायम खाली ठेवा, पाणी कोमट घ्या, आणि फक्त केस भिजवा. पाणी निथळवायला ब्रश झटकू नका. केस मुळाकडून टोकाकडे चिमटीत हलकेच दाबत या.

कूलरसमोर आणि गच्चीवर वाळवणं

या दोन्ही चुका आपल्या गावच्या आहेत. मे महिन्यात घरोघरी कूलर चालू असतो, त्याचा वारा जोरात लागतो, म्हणून ब्रश त्याच्यापुढे मांडतात. पण कूलर गवताच्या ओल्या ताट्यांतून हवा ओढतो, म्हणजे ती हवा दमट असते. वरून कोरडा वाटणारा ब्रश आतून ओलाच राहतो आणि दोन दिवसांनी कुबट वास मारतो.

दुसरं टोक म्हणजे मे-अखेरच्या नवतपातली गच्ची. ४५ अंशांच्या उन्हात नळी हात लावू नये इतकी तापते, गोंद सैल पडतो, बकरीच्या किंवा खारीच्या केसांचे ब्रश झाडूसारखे राठ होतात. उन्हाने जंतू मरतील या भरवशावर राहू नका, दाट केसांच्या आत ऊन पोचत नाही.

ब्रश टेबलाच्या काठावर आडवा ठेवा, केस काठाबाहेर हवेत राहू द्या आणि वर साधा पंखा लावा. ग्लासात टोक वर करून उभा ठेवला तर पाणी उतरून नळीतच जातं. जुलै-ऑगस्टच्या झडीत मोठा ब्रश वाळायला दोन दिवस लागू शकतात, तेव्हा बुकिंगच्या आदल्या रात्री धुवायला बसू नका.

केस कशाचे आहेत ते न बघणं

जुना ब्रश घेताना विकणारे "ओरिजिनल आहे" म्हणतात, त्यातून काही कळत नाही. एक केस उपटून चिमट्यात धरा आणि जाळा. प्राण्याचा असेल तर केस जळल्याचा ओळखीचा वास येतो आणि राख बोटाने चुरते. कृत्रिम असेल तर तो वितळून टोकाला कडक मणी होतो. कृत्रिम केसांना भांड्याचं लिक्विड चालतं. प्राण्यांच्या केसांना लहान मुलांचा शाम्पू वापरा आणि अल्कोहोल जपून मारा, नाहीतर ते कोरडे पडून तुटतात.

कुठून आला, काय होता याचा पत्ता नसलेला प्राण्याच्या केसांचा जुना ब्रश मी घेत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत दाढीच्या ब्रशांमुळे लोकांना अँथ्रॅक्स झाला होता. घोड्याचे केस नीट निर्जंतुक न करता त्यात भरले होते. आज तशी भीती नाही, पण त्यातून एक गोष्ट समजून घ्यावी. काही जंतू बीजाणूच्या, म्हणजे कडक कवचातल्या सुप्त रूपात टिकून राहतात आणि अल्कोहोलने ते मरत नाहीत.

"नवा आहे, धुवायचा कशाला?"

बर्डीच्या बाजारातून आणलेला असो की ऑनलाइन मागवलेला, नव्या ब्रशात कारखान्याची धूळ, सुटे केस आणि कच्चा रंग असतो. कधी आकार टिकावा म्हणून खळही लावलेली असते. पहिल्या धुण्यात पाच-सात केस गळाले तर काळजी नको. प्रत्येक वेळी झुपकाच हातात येत असेल तर परत करा. काळ्या केसांचा रंग दुसऱ्या धुण्यातही सुटत असेल, तर तो ब्रश गोऱ्या-सावळ्या कुणाच्याच चेहऱ्याला लावू नका.

दुसऱ्याचा स्पंज, मस्काऱ्याची कांडी आणि पावडरचा पफ कितीही धुतला तरी घेऊ नका. ब्रशच्या आधीच्या मालकिणीला गजकर्ण किंवा डोळे आले होते असं कळलं, तर तोही सोडा.

धुतल्यावरही अडचण आली तर

केसांवर पांढुरकी साय आणि राठपणा आला तर पाणी जड आहे. बेसा-बेलतरोडीकडे बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी शेवटचं खंगाळणं आरओ फिल्टरच्या पाण्याने करावं. वॉटरप्रूफ काजळ साबणाने निघत नसेल तर आधी थेंबभर खोबरेल तेलाने सोडवा, मग लिक्विडने तेल काढा. दांडा हलत असेल तर ब्रश पूर्ण वाळवून दांडा बाहेर काढा, जोडाला अरल्डाइट लावून घट्ट बसवा आणि २४ तास हात लावू नका. केस फिस्कारले असतील तर ओले असतानाच आकार देऊन सैलसर जाळीची पट्टी गुंडाळा.

घरच्या ब्रशांसाठी अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजी ही त्वचातज्ज्ञांची संस्था दर ७ ते १० दिवसांनी धुवायला सांगते. दुसऱ्यांचा मेकअप करत असाल तर प्रत्येक चेहऱ्यासाठी स्वच्छ ब्रश हवा, म्हणजेच संच एकाहून जास्त हवेत.

बहिणीच्या चौदातले दोन मस्काऱ्याचे टाकले, एकाचे झुपके सुटत होते म्हणून तोही गेला, एकाचा दांडा चिकटवला. बाकीचे दहा रात्रभर टेबलाच्या काठावर पंख्याखाली होते. सकाळी तिने बोटाने चाचपून "वाळले" म्हटलं. मी पावडरचा ब्रश उचलून तिच्या वरच्या ओठावर टेकवला. बोटाला न कळणारी ओल तिथे गार लागून कळते. तो गार लागला. स्पिरिटची बाटली पुन्हा कपाटात ठेवली आणि ब्रश संध्याकाळपर्यंत तसाच राहू दिला.