टेस्ट पास झाली, पण प्रिंट गेलं कुठे?

पायथनमध्ये टेस्ट लिहायला नुकतीच सुरुवात केलेल्यांना हे हमखास अडतं. फंक्शनमध्ये प्रिंट टाकलं, पायटेस्ट हे टेस्ट चालवणारं साधन चालवलं, हिरवा ठिपका उमटला आणि प्रिंटचा पत्ता नाही. मग कोड तिथवर पोचतच नाही असं वाटून भलतीकडेच शोधाशोध सुरू होते. कोड पोचलेला असतो. पायटेस्ट प्रत्येक टेस्टचं आउटपुट अडवून ठेवतं आणि टेस्ट फेल झाली तरच दाखवतं. पायथनसोबतच येणारं युनिटटेस्ट मुळात असं अडवत नाही, म्हणून तिथून आलेल्यांचा गोंधळ जास्त होतो.

फेल झालेल्या टेस्टमध्ये एररच्या खाली 'कॅप्चर्ड एसटीडीआउट कॉल' असा मथळा असतो, तिथे बघा. फिक्स्चरमधलं, म्हणजे टेस्टआधी तयारी करणाऱ्या फंक्शनमधलं, प्रिंट त्याच मथळ्यात 'कॉल'ऐवजी 'सेटअप' लिहिलेल्या वेगळ्या भागात येतं.

पास झालेल्या टेस्टचंही बघायचं तर पायटेस्टच्या कमांडला डॅश एस द्या, एस स्मॉल. याने अडवणंच बंद होतं आणि ओळी जशा छापल्या जातील तशा लगेच दिसतात. पण दोनशे टेस्ट एकदम चालवल्या तर कुठली ओळ कुणाची ते कळत नाही. म्हणून एकच फाइल, किंवा डॅश के देऊन नावाने निवडलेली एकच टेस्ट चालवा. सगळ्याच टेस्टचं हवं असेल तर डॅश आर पी बरं, त्यात आर स्मॉल आणि पी कॅपिटल. पास झालेल्या टेस्टचं आउटपुट शेवटी टेस्टच्या नावानिशी येतं. सर्व्हरवरच्या बिल्डसाठी आम्ही हेच सुचवू.

डॅश एस देऊनही काही दिसत नसेल तर दोन गोष्टी तपासा. टेस्टने कॅपसिस हे आउटपुट पकडणारं फिक्स्चर घेतलं असेल तर आउटपुट त्याच्याकडे जातं. तिथे विथ कॅपसिस डॉट डिसेबल्ड या ब्लॉकमध्ये प्रिंट करा. कॅपसिसचं रीडआउटर हे पकडलेलं वाचणारं फंक्शन बोलावल्यावर तोवरचा मजकूर त्यातून निघून जातो आणि फेलच्या रिपोर्टमध्येही येत नाही, हेही ध्यानात असू द्या. दुसरी शक्यता एक्सडिस्ट या प्लगइनची: त्याने टेस्ट अनेक प्रोसेसमध्ये वाटल्या की प्रिंट तुमच्या टर्मिनलपर्यंत येत नाही. डॅश एन शून्य देऊन एकाच प्रोसेसमध्ये चालवा.

इनपुट फंक्शन वापरून कीबोर्डवरून वाचणारा कोड मात्र उलटाच वागतो. आउटपुट अडवलेलं असताना तो ओएसएरर देऊन पडतो, डॅश एस दिलं की चालतो. लॉगिंगचं गणितही वेगळं: रूट लॉगरची पातळी मुळात वॉर्निंग असते, त्यामुळे तिच्याखालच्या इन्फो पातळीच्या ओळी डॅश एसने येत नाहीत. त्यासाठी डॅश डॅश लॉग डॅश सीएलआय डॅश लेव्हल इक्वल्स इन्फो असं द्या.

आणि प्रिंट करताना नुसतं व्हेरिएबल छापू नका, रेपर (repr) फंक्शनने मिळणारं त्याचं रूप छापा. बिलाची रक्कम ११८० अशी दिसते, पण ती अंक आहे की स्ट्रिंग ते साध्या प्रिंटमधून कळत नाही. रेपरमध्ये स्ट्रिंगभोवती अवतरणचिन्हं येतात, आणि शेवटी राहून गेलेली स्पेसही त्यांच्या आत दिसते. पायथन ३.८ पासून एफ-स्ट्रिंगच्या महिरपी कंसात नावापुढे बरोबरचं चिन्ह टाकलं की नाव आणि रेपर दोन्ही छापून येतात.