जुन्या गाडीवर चित्र काढायचंय? मग जॅनिसच्या पोर्शापासून सुरुवात करा

मोबाइलवर अमेरिकन रॉक गायिका जॅनिस जॉप्लिनच्या चित्रांनी भरलेल्या पोर्शा गाडीचा फोटो दाखवून ‘माझ्या पद्मिनी गाडीवर असंच करून द्या’ म्हणणारी तरुण मंडळी माझ्याकडे येतात. मी चहा सांगतो आणि ती गाडी मुळात कशी रंगली ते ऐकवतो. निम्म्यांचा बेत तिथेच बारगळतो. उरलेल्यांसाठी आणि घरीच हात मारून बघणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

जॅनिस टेक्ससची, जीव तोडून गाणारी. १९६८ मध्ये तिने ३५६ सी मॉडेलची, छत उघडणारी, वापरलेली पोर्शा साडेतीन हजार डॉलरला घेतली. रंग साधा, एकाच छटेचा. असल्या रंगात ही बाई फिरणार? तिने बँडचं सामान बघणाऱ्या डेव्ह रिचर्ड्सच्या हातात पाचशे डॉलर ठेवले. त्याने आख्खी गाडी आधी लालभडक केली आणि मग त्यावर फुलपाखरं, जेलीफिश, कवट्या, कॅलिफोर्नियाच्या टेकड्या, खुद्द जॅनिस आणि तिचा बँड असं सगळं काढलं. सगळ्यात वर पारदर्शक लॅकर. ती गाडी जपून ठेवायला नव्हतीच, जॅनिस रोज चालवायची. रस्त्यात लावली की चाहते वायपरखाली चिठ्ठ्या खोचून जायचे.

तेव्हा पहिलं काम, चित्र कुठलं हे ठरवा. तिच्या गाडीवर तिची माणसं होती. तुमच्या गाडीवर तीच जेलीफिश कशाला? आजोळची विहीर काढा, कॉलेजचा कट्टा काढा. आणि आरटीओत विचारून घ्या, कारण आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो. ऑलिव्ह ग्रीन तर मनातही आणू नका, तो सैन्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे.

मग पत्रा. गंजाचे फोड दिसले तर स्वच्छ पत्रा लागेपर्यंत खरवडा. वरून लांबी (पुटी) भरून झाकलेला गंज दोन पावसाळ्यांत चित्राच्या नाकातून बाहेर येतो. प्रायमर म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, मग लांबी, घासणं, पुन्हा प्रायमर. जुना रंग घट्ट असेल तर ४०० आणि मग ८०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी मारत घासा. चमक पूर्ण मेली पाहिजे. त्यावर एकच बेस रंग सगळीकडे मारा, रिचर्ड्ससारखा. चित्रांच्या फटींतून तोच दिसत राहतो, त्यामुळे गाडी ठिगळं लावल्यासारखी वाटत नाही.

चित्र थेट पत्र्यावर काढू नका. खाकी कागदावर खऱ्या मापात काढा, रेघांवरून सुईने बारीक भोकं पाडा, कागद टेपने चिकटवा आणि फडक्यात खडूची पूड बांधून वरून थोपटा. दारातल्या रांगोळीच्या छाप्यासारखे ठिपके पत्र्यावर उमटतात. आता दहा फूट मागे जा. मडगार्डच्या फुगवट्यावर सरळ काढलेला चेहरा इथून सुजलेला दिसतो, तो पुसून पुन्हा बसवायला हीच वेळ. चित्र दाराच्या फटीवरून जात असेल तर दार उघडून कडेच्या आत बोटभर रंग न्या.

रंग पाट्या रंगवणाऱ्यांचं चांगलं एनामल, ब्रश खारीच्या केसांचा. थर पातळ ठेवा. जाड रंगाची कड नंतर वरच्या पारदर्शक थराखालीही बोटाला लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, क्लिअर कोट, म्हणजे तो वरचा पारदर्शक थर. जॅनिसची गाडी एकदा चोरीला गेली होती. ओळखू येऊ नये म्हणून चोराने चित्रांवर करडा रंग फवारला. गाडी परत मिळाली आणि रिचर्ड्सने तो रंग काढला, खालची चित्रं शाबूत, कारण मध्ये लॅकर होतं. आपल्याकडे चोर नसला तरी ऊन आहे, झाडाचा चीक आहे, शेजारची पोरं आहेत. मात्र ताज्या एनामलवर कडक थिनरचा क्लिअर मारला की रंग उचलतो, सुरकुत्या पडतात. आठवडा-दोन आठवडे थांबा, तोच रंग नि तोच क्लिअर आधी भंगारातल्या पत्र्यावर मारून बघा. पहिला हात धुक्यासारखा हलका, मग दोन भरून. हार्डनर, म्हणजे थर घट्ट करणारं रसायन, असलेला क्लिअर मारताना तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, रसायनाची वाफ अडवणारा फिल्टरचा मास्क लागतो. ज्याच्याकडे तो नाही त्याने एवढं काम गॅरेजवाल्याला द्यावं.

आणि शेवटचा भाग, जो बहुतेकजण टाळतात. ४ ऑक्टोबर १९७० ला जॅनिस गेली. गाडी काही काळ मॅनेजरकडे राहिली, मग भावंडांकडे आली. रंगाचे पोपडे निघायला लागले होते, भावाने ती कारखान्यातल्या मूळ करड्या रंगाची करून टाकली. पुढे नव्वदच्या दशकात जेना मिचेल आणि अँबर ओवेन या दोघींनी जुन्या फोटोंवरून चित्रं नव्याने काढली. १९९५ पासून ती क्लीव्हलँडच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये लोकांनी पाहिली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १७ लाख ६० हजार डॉलरला गेली. म्हणजे लोकांनी एवढे पैसे मोजले ते दुसऱ्यांदा काढलेल्या चित्रांसाठी, आणि ती फोटोंमुळे जमली.

म्हणून गाडी बाहेर काढण्याआधी सावलीत उभी करून बॉनेट, डिकी, दारं, मडगार्ड असा प्रत्येक भागाचा समोरून सरळ फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. रंगाच्या डब्यांवरचे शेड नंबर वहीत उतरवा. खाकी कागद गुंडाळून माळ्यावर टाका, फेकू नका.