मीटरच्या आत काय चालतं: दुरुस्तीच्या बाकावरचा टेस्ट सेट समजून वापरा

"मीटर तर बरोबर दाखवायलाय, मग मोटर का चालंना?" बेळगावच्या उद्यमबागेत काम शिकायला येणाऱ्या पोरांचा हा ठरलेला प्रश्न. उत्तर बहुतेक वेळा मीटरच्या पोटात असतं. मीटर बाहेर उभा राहून बघत नाही, प्रोब लावला की तो त्याच सर्किटचा भाग होतो. आत कोणतं सर्किट आहे हे माहीत असेल तरच समोरच्या आकड्याचा अर्थ लागतो.

माझ्या बाकावर चार वस्तू असतात: सिरीज लॅम्पचा बोर्ड, 830 जातीचा साधा डिजिटल मीटर, एक जुना काट्याचा मीटर आणि हाताने फिरवायचा 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र. वडगाव-शहापूरच्या मागांच्या मोटरी, खानापूर-निपाणीकडचे शेतीपंप, घरगुती मिक्सर-इस्त्र्या, सगळं यांच्यावरच तपासून होतं.

आधी एक प्रयोग करा. एक लाख ओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडा आणि दोन टोकांना 12 व्होल्ट द्या. मधल्या सांध्यावर हिशेबाने 6 व्होल्ट यायला हवेत. काट्याचा मीटर 10 व्होल्टच्या रेंजवर ठेवून मोजा, 4.8 च्या आसपास येतील. 830 लावा, 5.7 येतील. दोन्ही मीटर चांगले आहेत आणि बॅटरीही चांगली आहे. काट्याच्या मीटरमधली कॉइल 50 मायक्रोअँपिअरला पूर्ण वळते, म्हणून डायलच्या कोपऱ्यात '20,000 ओहम प्रति व्होल्ट' असं छापलेलं असतं. 10 व्होल्टच्या रेंजवर तो स्वतः दोन लाख ओहमचा रेझिस्टर असतो, आणि तुम्ही तो एक लाखाच्या शेजारी समांतर जोडलेला असतो. 830 जातीचा मीटर मात्र व्होल्टच्या रेंजवर दहा लाख ओहमचा, म्हणून तो कमी ओढतो. चांगल्या मीटरला एक कोटी ओहम असतात, तो जवळजवळ 6 दाखवेल. सर्किटच्या कार्डातल्या मोठ्या किमतीच्या रेझिस्टरवर मोजताना हे ध्यानात ठेवा. मेन लाइनवर मोजताना याने काही बिघडत नाही.

डिजिटल मीटरच्या आतल्या चिपला फक्त 200 मिलिव्होल्टपर्यंत मोजता येतं. बाकीचं सगळं तिच्या आजूबाजूचे रेझिस्टर करतात. नॉब 20 व्होल्टवर नेला की दहा लाख ओहमच्या साखळीतल्या शेवटच्या दहा हजार ओहमवरचा दाब (व्होल्टेज) चिपला मिळतो, म्हणजे शंभरावा हिस्सा. पुढे नॉब फक्त दशांशाचं टिंब हलवतो. करंट मोजताना उलटं होतं. करंट एका छोट्या रेझिस्टरमधून, म्हणजे शंटमधून जातो आणि चिप त्याच्यावर पडलेला दाब मोजते. 200 मिलिअँपिअरला एक ओहम, 10 अँपिअरला जाडजूड तारेचा तुकडा, 0.01 ओहमचा. लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात राहिली आणि तुम्ही फेज-न्यूट्रलवर प्रोब टेकवले, तर तुम्ही तारेने लाइन शॉर्ट केलेली असते. स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला फ्यूज नसतो, शेजारी तसं छापलेलंही असतं. म्हणून करंट मोजून झाला की वायर लगेच पुन्हा व्होल्टच्या भोकात, हे मी पोरांकडून पाठ करून घेतो. असला मीटर थ्री फेजच्या पॅनेलवर तर मी वापरूच देत नाही. तिथे कॅट थ्री (हा सुरक्षेचा दर्जा) छापलेला, फ्यूजवाला मीटरच हवा.

ओहमच्या रेंजला चिप एक सुंदर युक्ती करते. ओळखीचा रेझिस्टर आणि तुमचा रेझिस्टर एकापुढे एक जोडून दोघांतून तोच करंट पाठवते आणि दोघांवरच्या दाबांचं गुणोत्तर काढते. बॅटरी थोडी उतरली तरी दोन्ही दाब सारखेच कमी होतात, उत्तर बदलत नाही. व्होल्टच्या रेंजला ही सोय नाही. बॅटरी फार उतरली की आतला संदर्भ-दाब घसरतो आणि आकडा फुगतो. घराघरांत 230 च्या जागी 260 दिसायला लागले तर लाइनला दोष देण्याआधी मीटरची 9 व्होल्टची बॅटरी बदला.

बझरबद्दल थोडक्यात. तो साधारण पन्नासेक ओहमांच्या खाली सगळ्यालाच वाजतो. जळून काळा पडलेला, तीन-चार ओहमचा सांधाही वाजतो आणि चांगलं वाइंडिंगही वाजतं. बझरवर तार शोधा, तारेची तब्येत ओहमवर बघा.

आता शेतातला प्रश्न. हेस्कॉमची (आमच्या भागातली वीज कंपनी) थ्री फेज आली, पंप घुमतो पण फिरत नाही. फ्यूजच्या पुढे मीटर लावला तर तिन्ही फेजवर काहीतरी दिसतं. गेलेल्या फेजवर मोटरच्या वाइंडिंगमधून उलटा दाब येतो, म्हणून मीटर फसतो. मोटर सोडवली तरी विहिरीपर्यंतच्या लांब केबलमध्ये शेजारच्या तारांमुळे तुटलेल्या तारेवर साठ-सत्तर व्होल्ट दिसू शकतात, कारण मीटर एवढा हलका भार टाकतो की तो भुताटकीचा दाब कोसळतच नाही. म्हणून मोटर सोडवा, मीटरच्या जोडीला 15 वॅटचा दिवा फेज आणि न्यूट्रलमध्ये लावा. खरा फेज असेल तर दिवा पेटेल, नसेल तर आकडा शून्यावर येईल. दोन फेजमध्ये मात्र एकटा दिवा लावू नका, तिथे चारशेच्या वर व्होल्ट असतात. सारख्या वॅटचे दोन दिवे सिरीजमध्ये घ्या.

सिरीज लॅम्प हे बाकावरचं सगळ्यात साधं आणि मला सगळ्यात प्रिय सर्किट. फेज, दिव्याचा होल्डर, पुढे सॉकेट, तिथून न्यूट्रल. दिवा फिलामेंटचाच हवा, एलईडी चालत नाही. 100 वॅटचा दिवा पेटलेला असताना 529 ओहमचा असतो, थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी. सगळी गंमत या फरकात आहे. टीव्हीचा पॉवर सप्लाय लावा आणि दिव्याकडे बघा. आत रिकामा कपॅसिटर असतो, तो भरेपर्यंत करंट धावतो, दिवा एकदा झळकतो. कपॅसिटर भरला की करंट घटतो, फिलामेंट थंड होतं, त्याचा विरोध उतरतो आणि जवळजवळ सगळा दाब सप्लायला मिळतो. झळकून मंद झाला तर पुढे तपासायला हरकत नाही. तसाच भगभगीत राहिला तर ब्रिज (एसीचा डीसी करणारे डायोड) किंवा मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) शॉर्ट आहे, आणि दिव्याने नवा फ्यूज वाचवलाय. मात्र 1000 वॅटच्या इस्त्रीवर या दिव्याचा निकाल मानू नका. तिचा एलिमेंट 53 ओहमचाच, चांगली इस्त्रीही दिवा जवळजवळ पूर्ण पेटवते आणि शॉर्ट झालेलीही. तिथे प्लग काढून ओहमवर मोजा. आणि दिवा मध्ये आहे म्हणून झटका बसणार नाही असं समजू नका. सप्लायच्या कपॅसिटरमध्ये तर बंद केल्यावरही 320 च्या आसपास व्होल्ट राहतात.

पावसाळ्यात मलप्रभेकाठच्या मोटरी ओल्या होऊन येतात. मीटरवर वाइंडिंग आणि बॉडीमध्ये काहीच दाखवत नाही, आणि लाइन दिली की बॉडीला करंट येतो. मीटर दोन-तीन व्होल्टने विचारतो, ओलं इन्सुलेशन तेवढ्याने तोंड उघडत नाही. मेगर 500 व्होल्टने विचारतो. काट्याच्या मेगरमध्ये दोन कॉइल एकमेकींशी कोनात बसवलेल्या असतात. एकीला जनरेटरचा दाब मिळतो, दुसरीतून इन्सुलेशनमधून गळणारा करंट जातो. काट्याला स्प्रिंग नसते, तो दोघींच्या गुणोत्तरावर थांबतो. म्हणजे चिपने केली तीच युक्ती, तांब्याच्या तारेत. म्हणून हात थोडा कमीजास्त फिरला तरी आकडा हलत नाही, आणि मेगर नुसता ठेवलेला असताना काटा कुठेही पडलेला असतो. तो बिघाड नाही.

लावण्याआधी मेनचा फ्यूज काढा. स्टार्टरमधलं सिंगल फेज प्रिव्हेंटरचं (एक फेज गेला की मोटर बंद करणारं) कार्ड सोडवा, 500 व्होल्ट ते सहन करणार नाही. मेगर मोकळा फिरवून काटा अनंतावर जातो का, वायरी जुळवून हळू फिरवल्यावर शून्यावर येतो का, एवढं बघा. मग एक वायर बॉडीचा रंग खरवडून लावा, दुसरी वाइंडिंगला. मिनिटाला साधारण 120 फेरे या गतीने पूर्ण मिनिटभर फिरवा आणि शेवटी आकडा वाचा. एक मेगओहमच्या (दहा लाख ओहम) खाली आली तर मोटर लाइनवर घेऊ नका. उघडून, आत दिवा लावून वाळवा आणि पुन्हा मेगर करा. प्रत्येक वेळी मेगर थांबवला की वाइंडिंगचं टोक तारेने बॉडीला टेकवून साठलेला चार्ज काढा, मगच हात लावा.