कॉम्प्युटरवर आयईएलटीएस द्यायची आहे? मग आधी कीबोर्डवर बसा

राजेहो, आयईएलटीएस म्हणजे परदेशात शिकायला नाहीतर कामाला जायचं असलं तर लागणारी इंग्रजीची परीक्षा; ऐकणं, वाचणं, लिहिणं अन् बोलणं असे तिचे चार भाग. मराठी शाळेतून आलेल्या आपल्या पोट्ट्यांचं इंग्रजी वाटतं तेवढं कच्चं नसतं. अडतं ते कीबोर्डपाशी, काहून की आजवरचं सगळं टायपिंग मोबाईलवर अंगठ्यानं झालेलं असतं अन् इथं पूर्ण निबंध टाइप करायचा, तोही घड्याळ चालू असताना. परदेशी शिक्षणासाठी जाणारे, नर्सिंग करून बाहेर जाऊ पाहणारे, सगळ्यांना हेच सांगतो.

सगळ्यात पहिले पासपोर्ट. भारतात या परीक्षेला ओळखपत्र म्हणून पासपोर्टच लागतो, आधार कार्ड चालत नाही, झेरॉक्स तर नाहीच नाही. बुकिंग करताना नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच टाका. आपल्याकडे नाव, वडलांचं नाव, आडनाव अशी सवय आहे, फॉर्ममध्ये कोणतं कुठं जाते ते पासपोर्ट समोर ठेवून भरा. फी पंधरा हजाराच्या वर आहे, म्हणून तयारी झाल्यावरच तारीख घ्या, कोणी म्हणते म्हणून घाई नको.

आता टायपिंग. घरी लॅपटॉप नसला तर गावातल्या एमएस-सीआयटी क्लासवाल्या भाऊले विचारा, दुपारी मशीन रिकामीच असते, थोडे पैसे घेऊन तासभर बसू देईल. एफ अन् जे या बटणांवर बारीक उंचवटा असतो, दोन्ही हाताची अंगठ्याजवळची बोटं तिथं ठेवायची अन् खाली न पाहता टाइप करायचं. सुरुवातीला लय वैताग येतो, पण सोडू नका. अन् एक सवय आत्ताच तोडा, ऑटोकरेक्टची. परीक्षेत स्पेलिंग चेक नसते, चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ येत नाही. ब्रिटिश स्पेलिंग लिहा का अमेरिकन, दोन्ही चालतात, फक्त बरोबर पाहिजे.

लिसनिंगमध्ये 4 भाग अन् 40 प्रश्न, साधारण अर्धा तास, अन् ऑडिओ एकदाच वाजतो. पेपरवाल्या परीक्षेत उत्तरं उतरवायला शेवटी 10 मिनिटं मिळायची, कॉम्प्युटरवर तपासायला फक्त 2 मिनिटं. म्हणजे ऐकता ऐकताच टाइप करावं लागते अन् म्हणूनच वर टायपिंगचं एवढं गुऱ्हाळ लावलं. ‘दोन शब्दांपेक्षा जास्त नको’ असं लिहिलं असलं अन् तुम्ही तीन टाकले तर उत्तर गेलं. एखादं हुकलं तर त्याच्यासाठी थांबू नका, पुढचं धरा. उच्चार ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन कसेही असतात, म्हणून बीबीसीचे सिक्स मिनिट इंग्लिश रोज इअरफोन लावून ऐका, फुकट आहे.

रीडिंगला 60 मिनिटं, 3 उतारे, 40 प्रश्न. स्क्रीनचे दोन भाग असतात, डावीकडे उतारा अन् उजवीकडे प्रश्न, दोन्ही वेगवेगळे सरकतात. माऊसनं ओळ सिलेक्ट करून हायलाइट करता येते, हे येत नसलं तर उताऱ्यातली तीच ओळ चार-चारदा शोधत बसाल. चुकीच्या उत्तराचे मार्क कापत नाहीत, म्हणून एकही जागा रिकामी ठेवायची नाही, शेवटच्या मिनिटाला अंदाजानं का होईना भरून टाका.

रायटिंग म्हणजे खरी कसोटी. पहिला टास्क किमान 150 शब्द, दुसरा किमान 250, मिळून 60 मिनिटं. दुसऱ्याला पहिल्याच्या दुप्पट वजन आहे, तरी लोक पहिल्यातच अर्धा तास घालवतात. पहिल्याला 20 मिनिटं द्या, बस. शब्दांची संख्या स्क्रीनवर आपोआप दिसते, मोजायची गरज नाही. कट, कॉपी, पेस्ट चालते म्हणून मधला परिच्छेद उचलून वर नेता येतो, हा फायदा पेपरवर नव्हता. आजूबाजूला सगळ्यांचे कीबोर्ड खडखडत असतात, घरी अगदी शांततेत सराव केला असला तर तिथं बावचळल्यासारखं होते, त्यापेक्षा क्लासमध्ये बाकी पोरं बसली असतानाच सराव करा.

स्पीकिंग मात्र कॉम्प्युटरशी नाही, माणसाशी असते, समोरासमोर नाहीतर व्हिडिओ कॉलवर, 11 ते 14 मिनिटं. तुमचा कापूस, सोयाबीन, गावची यात्रा, जे माहीत आहे तेच बोला, पाठ केलेलं एक्झामिनरले लगेच समजते. आपला वऱ्हाडी हेल असला तरी काही बिघडत नाही, शब्द स्पष्ट पाहिजे.

सेंटर आपल्याला जवळचं म्हणजे नागपूर. पुसद-दिग्रसकडून पहाटेच्या एसटीनं सकाळचा स्लॉट गाठायचा विचारही करू नका, आदल्या रात्रीच मावशी-मामाकडं मुक्काम टाका. मोबाईल, घड्याळ आत नेऊ देत नाहीत, पाणी नेलं तर पारदर्शक बाटलीत.

रिझल्ट काही दिवसांतच ऑनलाइन येतो अन् 2 वर्षं चालतो. लिसनिंग, रीडिंग, रायटिंग, स्पीकिंग यांतल्या एकाच भागात बँड, म्हणजे गुण, कमी पडला तर 60 दिवसांच्या आत फक्त तेवढाच भाग परत देता येते, त्याला वन स्किल रीटेक म्हणतात, पण हा रिझल्ट सगळ्याच युनिव्हर्सिट्या घेत नाहीत, त्यामुळं पैसे भरायच्या आधी तिथं ईमेल टाकून विचारून घ्या.