अँजिओप्लास्टीनंतर: तेलाशिवायची फोडणी आणि चालण्यापासून धावण्यापर्यंत

अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट टाकला, डिस्चार्ज मिळाला की घरात दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते झालं आता ब्लॉकेज गेलं, पहिल्यासारखं खा-प्या, आणि दुसरी म्हणते जिना चढू नका, पिशवी उचलू नका, नुसते पडून राहा. दोन्ही पार्ट्यांचं ऐकू नका. स्टेंट म्हणजे बारीक जाळी, तिने हृदयाच्या रक्तनळीची एक जागा उघडली, पण ती ज्या कारणाने भरली ते कारण बाकीच्या नळ्यांमध्ये तसंच बसलेलं आहे, आणि ते कमी करायचं काम तुमचं ताट, तुमचे पाय आणि तुमच्या गोळ्या हे तिघं मिळून करतात. तिघांपैकी एकालाही सुट्टी नाही.

गोळ्यांचं आधी बोलते, कारण जेवण बदललं की लोकांना पहिला मोह तिथेच होतो. अॅस्पिरिन आणि त्याच्या जोडीची रक्त पातळ ठेवणारी गोळी (क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर) मनाने एक दिवससुद्धा बंद करायची नाही. अटॅकनंतर ही जोडगोळी बहुतेकांना साधारण वर्षभर असते, आणि मध्येच सोडली तर नव्या स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. दाताचं काम निघालं तरी हार्टच्या डॉक्टरांना विचारून. स्टॅटिनचंही (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) तेच, कोलेस्टेरॉल खाली आलं म्हणून गोळी बंद नाही करायची, गोळी चालू आहे म्हणून ते खाली आलंय. उलट बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्यांचं, जेवण खरंच बदललं आणि वजन उतरलं की त्यांचा तोच डोस कधीकधी जास्त पडायला लागतो, उठल्यावर चक्कर येते, शुगर एकदम खाली जाते. म्हणून सुरुवातीला घरी बीपी-शुगर लिहून ठेवा आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा, डोस त्यांनाच कमी करू द्या.

आता मुद्द्याचं, जेवणाने ब्लॉकेज खरंच उलटतं का? अमेरिकेत डॉ. डीन ऑर्निश यांनी ४८ पेशंट घेऊन अभ्यास केला, तो १९९० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आला. एका गटाला जवळजवळ बिनतेलाचं शाकाहारी जेवण (कॅलरीच्या फक्त १० टक्के फॅट), नियमित व्यायाम, योग-ध्यान, सिगारेट बंद आणि एकमेकांना आधार देणारा गट, आणि दुसऱ्याला नेहमीचे उपचार. वर्षभराने पहिल्या गटात नळ्यांचं अरुंदपण सरासरी ४० टक्क्यांवरून ३७.८ वर आलं, दुसऱ्या गटात ते ४२.७ वरून ४६.१ वर गेलं. वाचताना वाटतं एवढंच? पण अटॅक बहुतेक वेळा नळी हळूहळू पूर्ण बुजल्यामुळे येत नाही, आतला मऊ चरबीचा थर फाटतो आणि त्यावर रक्ताची गुठळी बसते. चरबी कमी मिळाली की तो थर घट्ट होतो, सहजासहजी फाटत नाही, नळीचं अस्तर सुधारतं, ती गरजेनुसार सैल व्हायला लागते. म्हणून आकडा थोडा हलला तरी छातीतलं दुखणं पुष्कळ कमी झालं, आणि १९९८ मध्ये पाच वर्षांचा हिशोब आला तेव्हा हृदयाच्या अडचणी दुसऱ्या गटात दुपटीहून जास्त होत्या. अभ्यास छोटा होता, हेही लक्षात ठेवा, आणि त्या जेवणात साय काढलेलं दूध-दही होतं, म्हणजे अगदी पूर्ण वनस्पतीजन्य नव्हतं. व्हॉट्सअॅपवर "तीन महिन्यात ब्लॉकेज गायब" असं फिरतं त्यावर विश्वास ठेवू नका प्लीज, तसलं वाचून लोक गोळ्या सोडतात आणि मग काय होतं ते मी जवळून बघितलंय.

आपल्याकडे गडबड अशी की "आम्ही तर शाकाहारीच आहोत, मग कसा आला अटॅक" हे इतक्या घरात ऐकू येतं. शाकाहारी म्हणजे काय खातो आपण? वरणावर तूप, संध्याकाळी फरसाण, बेकरीचं खारी-टोस्ट, पनीर, साखरेचा चहा चार वेळा, आणि उपवासाला तर एकादशी दुप्पट खाशी, साबुदाणा खिचडीत तूप आणि दाण्याचा कूट, बाजूला तळलेले वेफर्स. यात मटण नाही हे खरं पण हृदयाला त्याचा फार फायदा नाही. इथे वनस्पतीजन्य जेवण म्हणजे आख्खं धान्य, डाळी-कडधान्य, भाज्या, फळं, थोड्या बिया, आणि तळण, मैदा, साखर, वनस्पती तूप, पामतेल बाहेर. चांगली गोष्ट ही की महाराष्ट्राच्या जुन्या जेवणात हे सगळं आधीच आहे, ज्वारी-नाचणीची भाकरी, मटकीची उसळ, आमटी, शेपू, चाकवत, अंबाडी, हुलग्याचं माडगं. विकतचं काही लागत नाही, किन्वा-बिन्वा तर नाहीच.

खरी अडचण एकच, फोडणी. पळीभर तेलाशिवाय भाजी होतच नाही असं हाताला वळण लागलेलं असतं. तर असं करा. जाड बुडाची लोखंडी किंवा नॉनस्टिक कढई मध्यम आचेवर कोरडीच तापवा, मोहरी टाका आणि झाकण ठेवा, ती बिनतेलाचीही तडतडते. मग जिरं, हिंग, कढीपत्ता, लगेच बारीक चिरलेला कांदा. कांदा खाली लागायला लागला की दोन चमचे पाणी शिंपडायचं, उलथन्याने तळ खरवडायचा, परत लागला की परत पाणी, असं तीन-चार वेळा केलं की कांदा छान तांबूस होतो आणि तो खरवडलेला रस भाजीला चव देतो. हळद कोरड्या कढईत टाकू नका, लगेच जळून कडू होते, ती टोमॅटोबरोबर. कांदा-खोबऱ्याच्या वाटणाऐवजी गॅसवर भाजलेला कांदा, लसूण, चमचाभर तीळ आणि वाटीभर शिजलेली मसूर एकत्र वाटा, रस्सा दाट होतो आणि गोडा मसाला त्यात चांगला उतरतो. पहिले दोन-तीन आठवडे घरचे तोंडं वाकडी करतील, करू द्या, जीभ बदलते. तेल शून्य जमलं नाही तर निदान मोजा तरी, माणशी दिवसाला तीन छोटे चमचे म्हणजे महिन्याला साधारण अर्धा लिटर, चार जणांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्याला संपत असेल तर गणित कुठे चुकतंय ते कळेल.

रोजचं ताट साधारण असं: अर्ध्यात भाजी आणि कोशिंबीर, एक मोठी वाटी उसळ किंवा घट्ट वरण, आणि उरलेल्या जागेत भाकरी किंवा भात, दोन्ही नाही. शुगर असेल तर कोशिंबीर-उसळ आधी खा, भाकरी नंतर. कडधान्य आणि ओट्स, जव यातला विरघळणारा फायबर कोलेस्टेरॉलपासून बनलेली पित्तातली आम्लं बांधून बाहेर नेतो, मग लिव्हरला नवीन पित्त करायला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घ्यावं लागतं, म्हणून उसळ रोज हवी, रविवारची नको. जवस हलकं भाजून पूड करून रोज चमचाभर, आख्खं खाल्लं तर तसंच बाहेर पडतं. मीठ सगळं मिळून दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, त्यात पापड, लोणचं, पाव, ठेचा सगळं आलं. दूध-तूप पूर्ण बंद केलं तर बी१२ ची गोळी लागतेच, यात चर्चा नको, पालेभाजीतून किंवा आंबवलेल्या इडलीतून ते भरवशाचं मिळत नाही, टेस्ट करा आणि गोळी घ्या.

दोन जणांनी मात्र आधी विचारायचं. व्हॉल्व्ह बदललाय आणि वॉरफरिन किंवा असिट्रोम चालू आहे अशांनी पालेभाजी अचानक वाढवायची नाही, त्यातल्या व्हिटॅमिन के मुळे गोळीचा असर कमी होतो, रोज सारख्या मापात खायची आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची टेस्ट) तपासत राहायचं. आणि किडनी कमजोर असणाऱ्यांनी नारळपाणी, फळांचा मारा, लो सोडियम मीठ हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, त्यातलं पोटॅशियम काही बीपीच्या गोळ्यांबरोबर धोक्याच्या पातळीला जातं.

आता पाय. जवळ कार्डियाक रिहॅब (हार्ट पेशंटना देखरेखीखाली व्यायाम शिकवणारं केंद्र) असेल तर तिथेच सुरू करा, नसेल तर डिस्चार्जच्या वेळी स्पष्ट विचारा की माझं ईएफ (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर टाकतं ते) किती आणि मी किती चालू शकतो. बायपास झाली असेल तर छातीचं हाड जुळायला ८ ते १२ आठवडे, तोवर वजन उचलणं आणि हातांनी ढकलणं-ओढणं नाही. सुरुवात सपाट रस्त्यावर पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोनदा, त्रास नसेल तर दर दोन-तीन दिवसांनी दोन मिनिटं वाढवा. महिना-दीड महिन्यात सलग तीस मिनिटं जमायला हवीत. वेग किती? चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये एवढा. घड्याळातल्या हार्ट रेटच्या मागे लागू नका, मेटोप्रोलॉलसारखी ठोके हळू करणारी गोळी असेल तर नाडी फारशी वाढत नाही आणि २२० वजा वय वगैरे कमाल ठोक्यांचा हिशोब तुम्हाला लागू नाही.

सुरुवातीची आणि शेवटची दहा मिनिटं अगदी हळू, हे लोक हमखास गाळतात. एकदम थांबलं की रक्त पायात साठतं, बीपी पडतं, चक्कर येते, ठोका चुकतो. जेवल्यावर दोन तास नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचला थंडीत निघायचं नाही, थंडीने नळ्या आवळतात, ऊन पडल्यावर निघा किंवा आधी घरात फेऱ्या मारा. हवा खराब असेल त्या दिवशी घरातच, मे महिन्यात पाण्याची बाटली हातात.

आठवड्याला १५० मिनिटं आरामात व्हायला लागली की स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलवर चालवून हृदयाची तपासणी) करून घ्या आणि ती नीट असली, डॉक्टर हो म्हणाले, तरच जॉगिंग. चार मिनिटं चाल, एक मिनिट हलकं धावणं, हळूहळू प्रमाण बदलत न्यायचं, आठवड्याचं एकूण अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही. याने होतं काय तर पायाचे स्नायू रक्तातला ऑक्सिजन जास्त चांगला ओढून घ्यायला शिकतात, त्याच कामाला हृदयाला कमी ठोके पुरतात, आधी दुसऱ्या मजल्यावर छाती भरायची ती चौथ्यापर्यंत भरत नाही. टोरंटोच्या डॉ. टेरेन्स कॅव्हनाघ यांनी तर १९७३ मध्ये अटॅक येऊन गेलेल्या काही पेशंटना तयार करून बोस्टन मॅरेथॉन धावायला लावली होती, त्या काळात अटॅकनंतर लोकांना अंथरुणातून उठू द्यायलाही डॉक्टर घाबरायचे. पण ते पेशंट देखरेखीखाली दीर्घकाळ तयारी करून तिथे पोचले होते. आणि जास्त म्हणजे जास्त चांगलं असंही नाही, २०१४ मध्ये अटॅकमधून वाचलेल्यांचा एक अभ्यास आला होता त्यात रोज सरासरी ७ किलोमीटर धावण्यापर्यंत फायदा वाढत गेला, त्यापुढे तो कमी व्हायला लागला. माझं मत विचाराल तर रोज पाऊण तास आयुष्यभर, हे एका मेडलपेक्षा कितीतरी मोठं.

छातीवर दाब, जबडा, खांदा, पाठ किंवा डावा हात दुखणं, नेहमीपेक्षा जास्त धाप, थंड घाम, डोळ्यापुढे अंधारी, यातलं काहीही झालं की जागेवर थांबायचं, बसायचं, डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट दिली असेल तर जिभेखाली, आणि पाच मिनिटात कमी नाही झालं की १०८. "गॅस असेल" म्हणून सोडा पिऊन वाट बघायची नाही. बायकांना आणि शुगरवाल्यांना दुखत नाहीच कित्येकदा, नुसती धाप आणि विचित्र थकवा येतो, तोही तितकाच गंभीर. चालायला जाताना खिशात फोन, सॉर्बिट्रेट आणि गोळ्यांची यादी असलेली चिठ्ठी.

इव्हेंट करायचाच असेल तर आधी टाटा मुंबई मॅरेथॉनचा ड्रीम रन किंवा गावातली पाच किलोमीटरची शर्यत, चालत. सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा यवतेश्वर घाट सुरुवातीला अजिबात नको, सलग चढावर हृदयावर ताण फार येतो. ताप, सर्दी, रात्री झोप नाही असं असेल तर बिब (शर्यतीचा नंबर) घरात राहू द्या. आणि लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्त तपासणी) बदल सुरू केल्यावर ६ ते १२ आठवड्यांनी करा, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल ५५ च्या खाली आणायचं लक्ष्य बहुतेक हार्ट पेशंटना दिलं जातं, तुमचं लक्ष्य किती ते रिपोर्ट दाखवताना विचारून त्यावरच लिहून घ्या.