लहान मूल ब्रिटनच्या शाळेत, सोबत आई किंवा बाबा: व्हिसा अर्जातल्या या चुका टाळा

ब्रिटनमध्ये ४ ते ११ वर्षांचे मूल शिकायला जाणार आणि त्याच्यासोबत घरचे कुणीतरी राहणार, तर दोन वेगळे व्हिसा लागतात. मुलाचा ‘चाइल्ड स्टुडंट’ आणि सोबत राहणाऱ्या पालकाचा ‘पॅरंट ऑफ अ चाइल्ड स्टुडंट’. दुसरा व्हिसा फार अरुंद आहे. एकच पालक, खाजगी फी भरून शिकवणारी डे-स्कूल (रोज घरून जायची शाळा) आणि बारावा वाढदिवस न झालेले मूल, एवढ्याच चौकटीत तो बसतो. तरीही बहुतेक घरांत तयारी होते ती ‘आपण सगळे तिकडे जातोय’ या समजुतीने. अर्ज तिथेच घसरतो.

बारावा वाढदिवस न मोजणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच, कारण ती पहिल्या दिवशी दिसत नाही. मूल १६ वर्षांखालचे असेल तर चाइल्ड स्टुडंट व्हिसा अभ्यासक्रमाच्या कालावधीइतका, जास्तीत जास्त ६ वर्षे, आणि वर ४ महिने असा मिळू शकतो. पालकाचा व्हिसा मात्र मुलाचा व्हिसा संपेपर्यंत किंवा मूल १२ वर्षांचे होईपर्यंत, यातले जे आधी येईल तोवरच.

समजा मुलीचा जन्म १० नोव्हेंबर २०१५ चा आहे. सप्टेंबर २०२७ मध्ये ती इयर ७, म्हणजे तिकडच्या सातव्या इयत्तेत बसेल आणि १० नोव्हेंबर २०२७ ला तिला १२ पूर्ण होतील. म्हणजे पहिले सत्र अर्धे झाले की आईचा व्हिसा संपला, मुलीचा मात्र चालू. अनेक प्रेप शाळा, म्हणजे साधारण १३ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या खाजगी शाळा, इयर ८ पर्यंत असतात, म्हणून ‘प्रेप संपेपर्यंत आई राहील’ असे पालक गृहीत धरतात. तसे होत नाही.

प्रवेश घेतानाच शाळेला विचारा: १२ नंतर इथेच बोर्डिंगची सोय आहे का? नसेल आणि शाळा बदलावी लागली, तर नव्या शाळेचे नवे सीएएस, म्हणजे प्रवेशाचे प्रायोजकत्व-पत्र, आणि मुलाचा नवा व्हिसा अर्ज करावा लागतो. वाढदिवस नोव्हेंबर-डिसेंबरात येत असेल, तर इयर ७ ची सुरुवातच बोर्डिंगने करणे मुलाला सोपे जाते. सत्राच्या मध्यावर आई निघून जाणे आणि त्याच आठवड्यात वसतिगृहात राहायला जाणे, हे दोन्ही धक्के एकदम त्या वयाच्या मुलाला देऊ नयेत.

चुकीची शाळा, चुकीचा फॉर्म

चाइल्ड स्टुडंट व्हिसावर सरकारी शाळेत प्रवेश घेता येत नाही. शाळा खाजगी हवी आणि तिच्याकडे ब्रिटनच्या गृह खात्याचा चाइल्ड स्टुडंट प्रायोजक परवाना हवा. शाळा नामांकित आहे एवढ्यावर जाऊ नका. परवानाधारक प्रायोजकांची यादी सरकारी संकेतस्थळावर सर्वांना खुली आहे, तिथे शाळेचे नाव शोधा. पालक सोबत जाणार असतील, तर मूल त्या शाळेत डे-स्कॉलर म्हणूनच शिकले पाहिजे. बोर्डिंगला ठेवलेल्या मुलासाठी पालकाला हा व्हिसा मिळत नाही.

फॉर्म भरताना मुलासाठी ‘स्टुडंट’ आणि आईसाठी ‘विद्यार्थ्यावर अवलंबून’ असे पर्याय निवडले जातात. चाइल्ड स्टुडंटला अवलंबून व्यक्ती आणताच येत नाहीत. आईचा अर्ज हा स्वतंत्र प्रकार आहे. आणि ‘आधी व्हिजिटर व्हिसावर जाऊ, तिकडे गेल्यावर बदलू’ हा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका. व्हिजिटर म्हणून गेलेल्याला ब्रिटनमध्ये राहून या दोन्ही व्हिसांवर जाता येत नाही.

कोण जाणार, हे आधी न ठरवणे

पहिली सहामाही आई, दुसरी बाबा, अशी वाटणी या व्हिसात चालत नाही. मुलाची जबाबदारी दुसऱ्या पालकाशी अदलाबदल करायला स्पष्ट मनाई आहे. आजी-आजोबांनाही हा व्हिसा मिळत नाही. धाकटे भावंड नेता येते ते त्याचाही स्वतःचा चाइल्ड स्टुडंट व्हिसा असेल तरच, आणि त्यासाठी वय किमान ४ हवे. अडीच वर्षांचे बाळ घरात असेल तर ही योजना आताच थांबवून पुन्हा विचार करा, कारण त्याच्यासाठी या मार्गाने जागा नाही.

पालकाला तिकडे नोकरी, व्यवसाय, शिक्षण यांपैकी काहीही करता येत नाही. पुण्यातल्या कंपनीचे काम लॅपटॉपवरून करणे हेही कामच आहे. बिनपगारी रजा किंवा राजीनामा, हा निर्णय अर्जाआधी व्हायला हवा. अर्जासोबत नोकरीचे पत्र जोडायचे असेल तर त्यात मंजूर रजेच्या तारखा असू द्या. ‘कर्मचारी लंडनहून काम करतील’ असे कौतुकाने लिहिलेले पत्र अर्जाच्या विरोधात जाते.

पालकाचे मुख्य घर ब्रिटनबाहेरच राहिले पाहिजे. इथला फ्लॅट विकून किंवा भाडेकरार सोडून जाणारे स्वतःचाच पुरावा घालवतात. मालमत्ता कराची पावती, वीजबिल, इथे राहणाऱ्या जोडीदाराची नोकरी, हे सगळे अर्जाला जोडा.

पैसे आहेत, पण नियमात बसत नाहीत

मुलाच्या सीएएसवर दाखवलेली पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि त्याखेरीज राहण्याचा खर्च, असे दोन्ही दाखवावे लागते. एक मूल आणि एक पालक यांना महिना १,५६० पौंड, ९ महिन्यांपर्यंत, म्हणजे १४,०४० पौंड. प्रत्येक जास्तीच्या मुलामागे महिना ६२५ पौंड, ९ महिन्यांचे ५,६२५. दोन मुले असतील तर एकूण १९,६६५ पौंड. हे दर बदलत असतात, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी सरकारी पानावरचा आकडा पाहून बेरीज पुन्हा करा.

खरी अडचण रकमेत नसते, दिवसांत असते. पूर्ण रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी, आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेच्या आधीच्या ३१ दिवसांत यायला हवा. मधल्या एका दिवशी ईएमआय कापला जाऊन शिल्लक ठरलेल्या रकमेखाली गेली, तरी मोजणी पहिल्यापासून. त्यासाठी वेगळे खाते ठेवा आणि त्यावर एकही ऑटो-डेबिट नको. रुपयांचे पौंड करताना गृह खाते अर्जाच्या दिवशीचा ओआंडा या संकेतस्थळावरचा दर धरते. २८ दिवसांत रुपया घसरला तर अगदी काट्यावर ठेवलेली रक्कम अपुरी पडते. किमान ५ टक्के जास्त ठेवा.

शेअर, म्युच्युअल फंड, पीएफ, सोने हे धरले जात नाही. एफडी चालते, पण हवी तेव्हा मोडता येईल अशीच. लॉक-इन असलेली करबचत ठेव चालणार नाही. पैसे मुलाच्या किंवा आईवडिलांच्या नावावर हवेत. मामाच्या खात्यातले २० लाख कितीही प्रेमाने दिलेले असले तरी ते मामाचेच.

आपल्याकडची खास अडचण पतसंस्थेची. बँकेवर योग्य नियामकाची देखरेख हवी, नोंदी संगणकीकृत हव्यात आणि गृह खात्याला त्या पडताळता आल्या पाहिजेत, अशी अट आहे. पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण नसते. गावाकडच्या पतसंस्थेतली ठेव मोडून ती राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खाजगी बँकेत आणा आणि मगच २८ दिवस मोजायला लागा. अर्जाच्या तोंडावर एकदम मोठी रक्कम आली असेल तर ती कुठून आली याचे कागद, म्हणजे जमीन विक्रीचा दस्त किंवा ठेव मोडल्याची पावती, सोबत द्या. ‘खात्यात महिनाभर पैसे ठेवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाच्या जवळही जाऊ नका. खोटी कागदपत्रे सापडली तर १० वर्षांची बंदी येऊ शकते.

अंदाजपत्रकात आणखी दोन गोष्टी राहून जातात. १ जानेवारी २०२५ पासून ब्रिटनमधल्या खाजगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागतो. शाळेने कळवलेला आकडा व्हॅट धरून आहे का ते लेखी विचारा. आणि आरोग्य अधिभार, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसा अर्जासोबतच भरायची रक्कम: १८ वर्षांखालील मुलासाठी वर्षाला ७७६ पौंड, तोही पूर्ण व्हिसा काळाचा एकदम. ६ वर्षांचे सीएएस घेतले तर वरच्या ४ महिन्यांसह ही रक्कम पाच हजार पौंडांच्या वर जाते. पालकाचा अधिभार वेगळा.

संमतीपत्र आणि जन्मदाखला

आई सोबत जाते आहे म्हणून वडिलांची सही नको, असे समजू नका. संमतीपत्र दोन्ही पालकांचे लागते आणि त्यात तीन गोष्टींना संमती हवी: व्हिसा अर्ज, ब्रिटनमधली राहण्याची व देखभालीची व्यवस्था, आणि प्रवास व तिथे मुलाला उतरवून घेण्याची व्यवस्था. ‘माझी हरकत नाही’ एवढ्या एका ओळीचे प्रतिज्ञापत्र, मग ते ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर का असेना, अपुरेच. घटस्फोट झालेला असेल तर ताब्याविषयीचा कुटुंब न्यायालयाचा आदेश, जोडीदार हयात नसेल तर मृत्यूदाखला जोडा. एकटी आई सांभाळते म्हणून एकटीची सही पुरते असे नाही. पूर्ण जबाबदारी तिच्याकडेच आहे हे कागदावर दिसले पाहिजे.

जन्मदाखला आजच काढून पाहा. महाराष्ट्रात अनेक दाखल्यांत बाळाचे नाव ही जागा कोरीच असते, कारण नोंद रुग्णालयातून झाली तेव्हा बारसे व्हायचे होते. नाव नंतर घालता येते, पण पालिकेत किंवा ग्रामपंचायतीत त्याला वेळ जातो. आईचे माहेरचे नाव दाखल्यावर आणि सासरचे पासपोर्टवर असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडा. दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागते. त्यावर भाषांतर मूळाशी जुळत असल्याचे विधान, तारीख, भाषांतरकाराचे पूर्ण नाव, सही आणि संपर्क हवा. ओळखीच्या शिक्षकाने करून दिलेले आणि या गोष्टी नसलेले भाषांतर नाकारले जाते.

‘काका आहे ना तिकडे’

१२ नंतर मूल नातेवाइकाकडे ठेवायचे अनेकांच्या मनात असते. इथे भाषा फसवते. आपल्याकडे वडिलांचा चुलत भाऊही काका आणि आईचा मावसभाऊही मामा. ब्रिटनच्या नियमात जवळचे नातेवाईक म्हणजे आजी-आजोबा, भाऊ-बहीण, सावत्र पालक आणि आईवडिलांचे सख्खे किंवा सावत्र भाऊ-बहीण. चुलत काका त्यात येत नाही. १६ वर्षांखालचे मूल त्याच्याकडे २८ दिवस किंवा जास्त राहणार असेल तर ते ‘प्रायव्हेट फॉस्टरिंग’, म्हणजे जवळचे नाते नसलेल्याने केलेले खाजगी संगोपन, ठरते आणि स्थानिक कौन्सिलला किमान ६ आठवडे आधी कळवावे लागते. फॉर्ममध्ये नुसते ‘अंकल’ लिहून नाते झाकू नका. वंशावळ दाखवणारे जन्मदाखले मागितले गेले की ते उघड होते, आणि मग लपवल्याचा आरोप मूळ अडचणीपेक्षा मोठा होतो.

टीबी तपासणी उशिरा

भारतातून ६ महिन्यांपेक्षा जास्त काळासाठी जाणाऱ्यांना क्षयरोग तपासणीचे प्रमाणपत्र लागते, तेही गृह खात्याने मान्यता दिलेल्या केंद्राचेच. घरच्या डॉक्टरांनी काढलेला एक्स-रे उपयोगाचा नाही. ११ वर्षांखालच्या मुलाचा एक्स-रे सहसा काढत नाहीत, पण त्याला केंद्रावर न्यावेच लागते आणि त्याचे प्रमाणपत्रही वेगळे लागते. प्रमाणपत्र ६ महिने चालते.

उशीर का महागात पडतो? एक्स-रेत काही शंका आली तर थुंकीचा नमुना घेतात आणि त्याचा निकाल यायला २ महिन्यांपर्यंत लागतात. लहानपणी होऊन बऱ्या झालेल्या टीबीचा डागही शंकेला पुरतो. जुलैअखेर तपासणीला गेलेल्या आईला अशी शंका निघाली, तर सप्टेंबरची शाळा चुकलीच. एप्रिल-मे महिन्यात जा. जुना आजार असेल तर उपचार पूर्ण केल्याचे कागद आणि आधीचे एक्स-रे घेऊन जा.

बाकीचे वेळापत्रकही यावरच लावा. अभ्यासक्रम सुरू होण्याआधी ६ महिन्यांपासून अर्ज करता येतो. सीएएस मिळाल्यापासून ६ महिने चालते आणि एकदाच वापरता येते. ब्रिटनबाहेरून केलेल्या अर्जाचा निर्णय साधारण ३ आठवड्यांत येतो. व्हिसा अर्जाचे कागद आणि ठसे घेणाऱ्या व्हीएफएस कंपनीच्या मुंबई किंवा पुणे केंद्रावर मुलासोबत मोठे माणूस हवे. ५ वर्षांखालच्या मुलाचे बोटांचे ठसे घेत नाहीत, फक्त फोटो काढतात.

नकार आला तर

नकारपत्रातले कारण शब्दशः वाचा. अधिकाऱ्याने समोरचा कागद चुकीचा वाचला असेल, जसे २८ दिवस पूर्ण असूनही २६ मोजले, तर भारतातून २८ दिवसांत प्रशासकीय फेरतपासणी मागता येते. चूक आपली असेल, म्हणजे एखादा कागद राहिला किंवा शिल्लक कमी पडली, तर फेरतपासणीत नवा पुरावा सहसा धरत नाहीत आणि आठवडे मात्र जातात. अशा वेळी नवा अर्जच करा. त्यासाठी शाळेकडून नवे सीएएस घ्यावे लागते, कारण जुने वापरले गेले. आरोग्य अधिभार परत मिळतो, अर्जाची फी नाही. मुलाचा व्हिसा नाकारला गेला की पालकाच्या व्हिसाला आधार उरत नाही, तेव्हा दोन्ही अर्ज एकाच वेळी दुरुस्त करा.

व्हिसा मिळाल्यावरची एक चूक

आता व्हिसा ऑनलाइन असतो आणि तो ब्रिटनच्या व्हिसा विभागाकडच्या ऑनलाइन (यूकेव्हीआय) खात्यात पासपोर्टशी जोडलेला असतो. लहान मुलाचा भारतीय पासपोर्ट ५ वर्षांचाच, व्हिसा मात्र ६ वर्षांपर्यंतचा. पासपोर्टचे नूतनीकरण मध्येच येणारच. नवा पासपोर्ट हातात आला की त्याच दिवशी मुलाच्या खात्यात त्याचा क्रमांक बदला. तो बदलायचा राहिला तर दिवाळीला घरी आलेले मूल परत जाताना मुंबईच्या विमानतळावर चेक-इनलाच अडते, कारण विमान कंपनीला त्या पासपोर्टवर व्हिसा दिसत नाही. जुना पासपोर्टही प्रवासात सोबत असू द्या.