क्ष लिहिण्याआधी काड्या मांडा
३क्ष + १ दिसलं की मुलं बिचकतात, कारण तो क्ष आला कुठून हेच त्यांनी पाहिलेलं नसतं. ते आधी डोळ्यांनी दिसू द्या.

१. ४ काड्यांचा चौकोन मांडा. त्याला चिकटून दुसरा, मग तिसरा. काड्या होतात ४, ७, १०.

२. विचारा, "जुनं काय राहिलं, नवीन काय आलं?" डावीकडची पहिली उभी काडी लाल रंगवा. आता प्रत्येक चौकोनाच्या वाट्याला ३च काड्या येतात. हे मुलं स्वतः बोट ठेवून दाखवतात!

३. पाचव्या आकृतीपर्यंत मांडू द्या, दहावी मात्र मनातच: १ लाल आणि तिनाचे १० गट, म्हणजे ३१. शंभरावी? ३०१.

४. नियम त्यांच्या शब्दांत आला की मगच चौकोनांच्या संख्येसाठी क्ष लिहा.

कुणी ४ + ३(क्ष − १) म्हणेल. तेही बरोबरच. दोन्ही शेजारी लिहून कंस सोडवायला लावा. मला हा भाग सगळ्यात आवडतो.

फक्त आकड्यांचा तक्ता आधी देऊ नका. मुलं "दर वेळी ३ वाढतात" एवढ्यावर अडकतात आणि शंभराव्या आकृतीसाठी तीन-तीन मिळवत बसतात.